इंजिनाचा ताप उतरवणारा माणूस : विल्हेल्म मायबाख

एप्रिल-मे महिन्यांत वाशीम जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की समृद्धी महामार्गावर कारंजा, शेलूबाजार परिसरात किंवा अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगावमार्गे वाशीमकडे येताना बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. इंजिनातून वाफ निघत असते आणि चालक पाण्याची बाटली शोधत असतो. हौसेने छोट्या गाडीत मोठे, जास्त ताकदीचे इंजिन बसवून घेणाऱ्यांच्या वाट्याला हा प्रसंग तर हमखास येतो. गाडी पळते झकास, पण दहा-पंधरा किलोमीटरनंतर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागतो.

हे दुखणे मोटारगाडीइतकेच जुने आहे. हलक्या गाडीत ताकदवान इंजिन बसवायचे आणि तरीही ते तापू द्यायचे नाही, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने प्रथम नीट सोडवला, त्याचे नाव आज एका अतिमहागड्या गाडीवर मिरवते. तो माणूस मात्र अनाथालयात वाढला होता.

अनाथालयातला चित्रकार

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतारकाम करत. विल्हेल्म लहान असतानाच आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले आणि पाच भावंडे पोरकी झाली. ओळखीच्या लोकांनी वर्तमानपत्रात मदतीचे आवाहन छापले. ते वाचून रॉयटलिंगन येथील ‘ब्रूडरहाउस’ या संस्थेने विल्हेल्मला आपल्याकडे घेतले.

गुस्ताव वेर्नर या धर्मोपदेशकाने गोरगरीब आणि अनाथ मुलांसाठी ही संस्था चालवली होती. तिथे मुलांना नुसते जेवू घालत नसत. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता आणि त्यात मुले काम शिकत. विल्हेल्मला आधी भटारखान्यात घातले होते. पण त्याचा हात चित्रकलेत आणि डोके यंत्रात चालते, हे वेर्नर यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याला यंत्रांच्या आराखड्यांच्या विभागात बसवले. संध्याकाळी त्याला गणिताच्या आणि इंग्रजीच्या शिकवणीलाही पाठवले. एका मुलाचा कल ओळखून त्याला योग्य जागी बसवण्याचा तो निर्णय पुढे मोटारगाडीचा इतिहास बदलणारा ठरला.

याच कारखान्याची सूत्रे हाती घ्यायला गॉटलिब डाइम्लर नावाचे अभियंते आले. मायबाख तेव्हा विशीच्या आतले, तर डाइम्लर त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. डाइम्लर यांच्याकडे कल्पना होत्या, धडाडी होती. मायबाख यांच्याकडे ती कल्पना कागदावर उतरवून लोखंडात घडवण्याची ताकद. ही जोडी जमली ती डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. डाइम्लर कार्ल्सरूहला गेले, तेव्हा मायबाख मागोमाग गेले. १८७२ मध्ये डाइम्लर कोलोनजवळच्या डॉइट्झ गॅस इंजिन कारखान्यात गेले, तर मायबाख तिथेही पोहोचले आणि पुढच्याच वर्षी मुख्य आराखडाकार झाले. निकोलाउस ऑटो यांचे प्रसिद्ध फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये याच कारखान्यात आकाराला आले. आज आपण चालवतो त्या दुचाकी-चारचाकींची इंजिने त्याच तत्त्वावर चालतात.

काचघरातले प्रयोग

ऑटो यांची इंजिने कारखान्याच्या जमिनीत पक्की रोवून ठेवण्याजोगी, अवजड होती. डाइम्लर आणि मायबाख यांना हवे होते ते हलके, वेगाने फिरणारे आणि गाडीवर बसवता येईल असे इंजिन. १८८२ मध्ये दोघांनी डॉइट्झ सोडले आणि स्टुटगार्टजवळच्या कानस्टाट येथे डाइम्लर यांच्या बंगल्याच्या बागेतील काचघरात प्रयोगशाळा थाटली. रात्री-अपरात्री तिथून येणारे ठोकाठोकीचे आवाज ऐकून माळ्याला वाटले की मालक खोट्या नोटा-नाणी पाडतात. त्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांना झडतीत इंजिनाचे सुटे भाग तेवढे सापडले, असा किस्सा सांगतात.

या काचघरातून १८८५ मध्ये उभट आकाराचे, हलके इंजिन बाहेर पडले. आधी ते लाकडी चौकटीच्या दुचाकीवर बसवले गेले. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, डाइम्लर यांनी एक घोडागाडी मागवली आणि तिचे घोडे काढून त्या जागी आपले इंजिन बसवले. दुसऱ्या कामासाठी बनवलेल्या गाडीत बाहेरचे इंजिन बसवण्याचा हा जगातील सुरुवातीचा प्रयोग. इंजिन होते जेमतेम १.१ अश्वशक्तीचे.

इथेच उष्णतेचा प्रश्न उभा राहिला. इंधन जळताना सिलिंडरमधील वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. इंधनातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश चाके फिरवायला मिळते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही, तर तेलाचा पातळ थर जळतो, पिस्टन फुगून अडकतो आणि इंजिन ‘जाम’ होते. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देते, जवळजवळ तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या यंत्रणेला सतत बाहेर फेकावी लागते.

घाम गाळणारे इंजिन

त्याच सुमारास कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी गाडीत सोपा मार्ग निवडला होता. इंजिनाभोवती पाणी ठेवायचे आणि ते उकळून वाफ होऊ द्यायची. वाफ होताना पाणी भरपूर उष्णता घेऊन जाते. माणसाचे शरीरही उन्हात हेच करते. घाम वाळतो आणि कातडी थंड होते. अडचण एवढीच की गेलेले पाणी पुन्हा भरावे लागते. १८८८ मध्ये बेंझ यांच्या पत्नी बेर्टा यांनी मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा वाटेत त्यांना पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले.

एका अश्वशक्तीपर्यंत हे चालून जाते. पण ३५ अश्वशक्तीचे इंजिन घेतले तर? तेवढी ताकद म्हणजे सुमारे २६ किलोवॅट. तेवढीच उष्णता पाण्यात शिरली, तर ती २ किलोवॅटचे तेरा गिझर एकदम चालू ठेवण्यासारखी आहे. ती केवळ वाफेवाटे घालवायची तर तासाला सुमारे ४० लिटर पाणी उडून जाईल. म्हणजे दर तासाला २० लिटरचे दोन जार! ताकद वाढवायची तर तेच पाणी थंड करून पुन्हा पुन्हा वापरणे भाग होते.

मायबाख यांचा पहिला उपाय मोठा गमतीचा होता. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी पोलादी चाकांची हलकी गाडी मांडली. तिची चौकट पोकळ नळ्यांची होती आणि इंजिनाचे पाणी त्याच नळ्यांतून फिरवले होते. वेगळी टाकी नाही की वेगळे वजन नाही. गाडीचा सांगाडाच इंजिनाला थंड करत असे. छोट्या इंजिनाला ते पुरले. मोठ्याला पुरणार नव्हते, कारण नळ्यांचा हवेशी येणारा संपर्क फारच थोडा होता.

हॉटेलच्या दिवाणखान्यात कारखाना

१८९० मध्ये डाइम्लर यांची कंपनी स्थापन झाली, पण पैसा घालणाऱ्या भागीदारांचेच तिथे चालू लागले. मायबाख यांना देऊ केलेल्या अटी त्यांना अपमानास्पद वाटल्या आणि काही महिन्यांतच त्यांनी कंपनी सोडली. डाइम्लर यांनी मित्राला वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्या पैशावर कानस्टाटमधील बंद पडलेल्या हॉटेल हेरमानमध्ये मायबाख यांनी काम सुरू केले. याच काळात त्यांनी फवाऱ्याचा कार्ब्युरेटर घडवला. पेट्रोल बारीक तुषारांच्या रूपात हवेत मिसळण्याची ही पद्धत पुढे जवळजवळ शंभर वर्षे गाड्यांमध्ये टिकली.

इकडे कंपनीचे या दोघांवाचून अडू लागले. फ्रेडरिक सिम्स या इंग्लंडमधील उद्योजकाने नव्या इंजिनाच्या हक्कांसाठी मोठी रक्कम देऊ केली, पण डाइम्लर परत आले तरच, अशी अट घातली. १८९५ मध्ये दोघेही सन्मानाने परतले. परत आल्यावर मायबाख यांनी अनेक बारीक नळ्यांचा रेडिएटर आणि त्याला वारा घालणारा पंखा यांवर काम केले.

नीसमधला अपघात

फ्रान्सच्या नीस शहरात एमिल येलिनेक नावाचे धनाढ्य व्यापारी राहत. डाइम्लर कंपनीच्या गाड्या ते श्रीमंतांना विकत आणि शर्यतींत उतरवत. वेगाची त्यांना विलक्षण ओढ होती. मार्च १९०० मध्ये नीस ते ला तुर्बी या डोंगरी शर्यतीत कंपनीचा चालक विल्हेल्म बाउअर याची गाडी वळणावर आपटली आणि त्यात त्याचा जीव गेला. गाडी उंच होती, तिचा पाया आखूड होता आणि पुढच्या बाजूला जड, ताकदवान इंजिन होते. म्हणजे घोडागाडीच्या घडणीची गाडी आणि तिच्यात तिला न झेपणारे इंजिन. त्याच महिन्यात, ६ मार्च १९०० रोजी, डाइम्लर यांचेही हृदयविकाराने निधन झाले होते. कंपनीत शर्यती बंद कराव्यात असा सूर निघाला.

येलिनेक यांनी उलट मागणी केली. गाडी लांब, रुंद आणि बुटकी करा, इंजिन हलके पण जास्त ताकदीचे करा, म्हणजे ती उलटणार नाही. त्यांनी ३६ गाड्यांची मागणी नोंदवली. किंमत साडेपाच लाख मार्क. अट एकच : इंजिनाला आपल्या मुलीचे नाव द्यायचे. त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे नाव होते मर्सिडीज.

आधार देणारा मित्र गेलेला, चालकाचा मृत्यू ताजा आणि हाती काही महिन्यांचा अवधी. ५४ वर्षांच्या मायबाख यांनी घोडागाडीचा साचा पूर्ण बाजूला ठेवून नवी गाडी आखली. ३५ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन त्यांनी खाली, चौकटीत बसवले. पण गाडी बुटकी आणि इंजिन मोठे म्हटल्यावर जुना, पाण्याने जड झालेला रेडिएटर चालणार नव्हता.

८०७० नळ्यांचे पोळे

मायबाख यांनी इथे विचार उलटा केला. तोपर्यंत पाणी नळ्यांतून जाई आणि हवा बाहेरून. त्यांनी हवाच नळ्यांतून नेली आणि पाणी नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटींतून खेळवले. ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या तब्बल ८०७० छोट्या नळ्या एकमेकींना जोडून त्यांनी एक आयताकृती ठोकळा बनवला. समोरून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसे, म्हणून त्याला पोळे-रेडिएटर हे नाव पडले.

यातले गणित साधे आहे. एका नळीचा घेर २४ मिलिमीटर. नळीची लांबी १० सेंटिमीटर धरली, तरी ८०७० नळ्यांचे आतले क्षेत्रफळ १९ चौरस मीटरच्या वर जाते. म्हणजे सुमारे २०० चौरस फूट, एका प्रशस्त खोलीच्या जमिनीइतके. गाडीच्या तोंडावर मावणाऱ्या ठोकळ्यात मायबाख यांनी आख्खी खोली घडी घालून बसवली. आपली फुप्फुसेही हेच करतात. छातीच्या छोट्याशा पोकळीत कोट्यवधी वायुकोश बसवून ती हवेशी संपर्काचे क्षेत्र प्रचंड वाढवतात.

पाण्याचे थर पातळ असल्याने ते झटपट थंड होई, त्यामुळे लागणारे पाणी निम्म्यावर, सुमारे ९ लिटरवर आले. तेवढे पाणी रेडिएटरविना ठेवले असते, तर या इंजिनाने ते पावणेदोन मिनिटांच्या आत उकळवले असते. पण ते सतत फिरत राही, पोळ्यात थंड होई आणि परत इंजिनाकडे जाई. गाडी सावकाश चालत असताना वारा पुरत नाही, म्हणून पोळ्यामागे पंखा होता.

डिसेंबर १९०० मध्ये पहिली गाडी तयार झाली आणि मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाड्यांनी बाकीच्यांना मागे टाकले. फ्रेंच जाणकारांनी मोटारगाडीचे नवे युग सुरू झाल्याचे मान्य केले आणि मायबाख यांना आराखडाकारांचा राजा हा किताब दिला. पुढे इंजिन, समोर रेडिएटर, खाली बुटकी चौकट हा साचा जगाने उचलला.

छोट्या गाडीतल्या मोठ्या इंजिनासाठी

मायबाख यांचा धडा आजही तसाच लागू पडतो. ताकद दुप्पट केली की बाहेर टाकायची उष्णताही जवळजवळ दुप्पट होते. रेडिएटर मात्र जुनाच राहिला तर काटा चढणारच. त्यातही वाशीमचे ऊन वेगळे. पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २० अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ अंशांची झाली की फरक ४५ अंशांवर येतो आणि तोच रेडिएटर जवळपास एक तृतीयांश कमी उष्णता फेकतो. हिवाळ्यात ठणठणीत चाललेली गाडी मे महिन्यात का उकळते, याचे हे उत्तर.

जाणकार मेकॅनिक म्हणूनच केवळ मोठा रेडिएटर टाकून थांबत नाहीत. समोरून आलेली हवा बाजूने निसटू नये म्हणून फटी बंद करतात. पंख्याभोवती आवरण बसवतात, म्हणजे पंखा संपूर्ण जाळीतून हवा ओढतो. गरम हवेला बॉनेटखालून बाहेर पडायला वाट ठेवतात, कारण बाहेर जायला जागा नसेल तर आत यायलाही नसते. पाण्याच्या मार्गात अडकलेली हवा काढतात. इंजिनापेक्षा रेडिएटर खाली असेल तर हवा हमखास वरच्या टोकाला साचते. संथ वाहतुकीत काटा चढत असेल तर दोष बहुधा पंख्याचा असतो आणि वेगात चढत असेल तर रेडिएटरचा किंवा हवेच्या वाटेचा. शिवाय इंजिन बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हे विसरून चालत नाही. ब्रेक आणि चौकट त्या ताकदीला पेलणारी आहे का, हे पाहिल्याशिवाय काय होते ते नीसच्या वळणावर दिसले होते.

तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही लगेच उघडू नये. आत सुमारे १ बार जादा दाब असतो, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. झाकण सैल होताच दाब जातो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर-हातांवर येते. इंजिन बंद करून ते पूर्ण थंड होऊ द्यावे. भाजलेच तर तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटे धरावा. टूथपेस्ट, शाई, तेल, बर्फ लावू नये. चेहरा किंवा डोळा भाजला असेल, मोठे फोड आले असतील तर थेट रुग्णालय गाठावे. आणि गाडी थंड होईस्तोवर माणसांनी उन्हात ताटकळू नये. हवा शरीरापेक्षा गरम झाली की आपल्याला थंड ठेवणारा एकच मार्ग उरतो, घामाचा. आणि बेंझ यांच्या गाडीप्रमाणे त्यासाठी पाणी भरत राहावे लागते.

अखेरची वर्षे

एवढे करूनही कंपनीत मायबाख यांचे स्थान टिकले नाही. डाइम्लर गेल्यावर त्यांच्या बाजूने बोलणारे कमी होत गेले, त्यांचे अधिकार काढले गेले आणि १९०७ मध्ये त्यांनी कंपनी कायमची सोडली. वय होते ६१. पुढच्या वर्षी काउंट झेपलिन यांचे मोठे हवाई जहाज इंजिनाच्या बिघाडामुळे एख्टरडिंगन येथे उतरवावे लागले आणि तिथे वादळी वाऱ्यात जळून खाक झाले. मायबाख यांनी झेपलिन यांना अधिक भरवशाच्या इंजिनाचा प्रस्ताव दिला. १९०९ मध्ये त्यासाठी नवी कंपनी निघाली आणि तिची तांत्रिक धुरा त्यांचा थोरला मुलगा कार्ल याने सांभाळली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमान-इंजिने बनवण्याची बंदी आली, तेव्हा कार्लने आलिशान मोटारगाड्या बनवायला घेतल्या. मायबाख हे नाव गाडीवर आले ते तेव्हा.

स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाने १९१६ मध्ये मायबाख यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. अनाथालयात वाढलेल्या या माणसाने विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नव्हती. २९ डिसेंबर १९२९ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कानस्टाटच्या दफनभूमीत डाइम्लर यांच्या जवळच त्यांना जागा मिळाली.

त्यांचा धाकटा मुलगा अडोल्फ स्किझोफ्रेनियाने आजारी होता आणि त्याचे बरेचसे आयुष्य रुग्णालयांत गेले. नाझी राजवटीने मनोरुग्णांना जगण्यास नालायक ठरवून ठार मारण्याची मोहीम राबवली, तिच्यात १९४० मध्ये त्याचाही बळी गेला. ऐंशी वर्षांपूर्वी त्याच देशातल्या एका संस्थेने एका पोरक्या मुलाला निरुपयोगी न मानता त्याच्या हातात पेन्सिल दिली होती, म्हणून तर त्याचे वडील घडले होते.